पालकांस पत्र

प्रेमानंद गजभियेची सही म्हणजे एक वेलांटी, एक टिंब आणि खाली तारीख. सगळं मिळून दीड सेकंद. त्याच्या कक्षातला शिपाई रुपराव आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा, "आमच्या साहेबाचा हात पाहा, कागद टेबलावर टेकत नाही तं सही होऊन राहते." प्रेमानंद मान खाली घालून लाजल्यासारखं करी, पण मनातून त्याला बरं वाटे. बावीस वर्षं कारकुनी झाली होती. कोणत्या कागदात काय असणार हे त्याच्या रंगावरून आणि घडीवरून ओळखता येतं, असं त्याचं म्हणणं होतं. बावीस वर्षांत ते फारसं चुकलंही नव्हतं, म्हणून तर पंचाईत झाली.

गेली सहा वर्षं तो तंबाखूमुक्तीचं काम पाहणाऱ्या एका सरकारी कक्षात होता. शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी पट्टी मारली की नाही, फाटकाजवळची तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची टपरी हलली की नाही, कोणत्या शाळेनं खरोखर फलक लावला आणि कोणत्या शाळेनं दुसऱ्याच शाळेच्या फलकाचा फोटो पाठवला, याचे तक्ते तो भरी. रुपराव स्वतः जिन्याखाली उभा राहून खर्रा घोटायचा आणि साहेब दिसले की गाल आत ओढून नमस्कार करायचा. ते चालून जाई. खरी डोकेदुखी आता व्हेपची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटची होती. देशात बंदी येऊन वर्षं लोटली, तरी पोरांच्या दप्तरात तो सापडायचाच. कधी जाड पेनासारखा, कधी पेनड्राइव्हसारखा, आंब्या-पुदिन्याच्या वासाचा. मास्तरांना आधी कळायचंच नाही की हे हातात काय आहे.

प्रेमानंदनं उभ्या जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं, आणि याचा त्याला चांगलाच तोरा होता. नंदनवन वस्तीतल्या घरी जेवताना टीव्हीवर कुठल्या तरी शाळेत व्हेप सापडल्याची बातमी लागली की तो घास हातात धरून सांगे, "असल्या पोरायच्या मायबापाचं लक्षच नसते. पोरगं काय करून राहिलं, कोणाले पत्ता नाही." बायको, वच्छला, हो म्हणे. अकरावीतली मुलगी नंदिनी ताटात पाहत जेवत असे.

त्या वर्षी वरून नवा उपक्रम आला. आठवी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या पालकांना तंबाखू सोडण्याबद्दल पत्र लिहायचं, पालकांनी ते वाचून खाली सही करायची, शाळेनं गठ्ठे कक्षाकडे पाठवायचे. नाव ठेवलं, 'पालकांस पत्र'. नमुना कोणी तयार करायचा? अर्थात प्रेमानंदनं. 'प्रिय आई / बाबा, तुम्ही मला फार आवडता, म्हणून तुम्ही तंबाखूपासून दूर राहावे असे मला वाटते,' इथपासून तळाच्या 'पत्र वाचले. पालकाची सही' या ओळीपर्यंत सगळं त्यानं एका दुपारी बसून टंकलं. वरच्या साहेबांनी एक स्वल्पविराम तेवढा बदलला.

नोव्हेंबरात गठ्ठे यायला लागले. मोजायची पद्धत त्यानंच बसवली होती. पत्राचा उजवा खालचा कोपरा अंगठ्यानं उचलायचा, सही असली तर पुढे, नसली तर बाजूला. बँकेतला माणूस नोटा मोजतो तशी पत्रं त्याच्या हाताखालून सरसर जायची. वर काय लिहिलंय ते पाहायची गरजच नव्हती. सगळ्या पत्रांत तोच नमुना होता आणि नमुना तर त्याचाच.

पंचवीस तारखेला, बुधवारी, जेवणानंतर त्यानं नंदनवनातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचा गठ्ठा सोडला. कुठे अंगठा, कुठे इंग्रजी सही, कुठे पोरानंच बापाची केलेली सही. एकशे चाळीस की एकशे एकेचाळीसवर त्याचा हात थांबला. कोपऱ्यात वेलांटी होती, टिंब होतं, खाली सहा तारीख होती. त्याला हसूच आलं. आपलीच सही आपणच मोजतोय! नंदूनं पत्र कसं लिहिलंय ते पाहू तरी, अक्षर तर तिचं छान आहे, म्हणून त्यानं कौतुकानं कागद वर ओढला आणि चष्मा नाकावर सरकवला.

'प्रिय बाबा, सप्रेम जयभीम. सरांनी फळ्यावर नमुना लिहून दिला आहे, पण आपल्या घरी कोणीच तंबाखू खात नाही, त्यामुळे तो मला लागू पडत नाही. सर म्हणाले, मग जे खरं असेल ते लिहा. बाबा, मी व्हेप ओढते. जुलैपासून. शिकवणीतल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला पहिल्यांदा घेतला. आंब्याचा वास होता, मला वाटलं नुसती वाफ आहे. आता दोन तास झाले की मला राहवत नाही. भौतिकशास्त्राच्या तासाला मी बाहेर जाते ती त्याच्यासाठीच. आईवर खेकसते ते पण त्याच्यामुळेच. मी तीनदा सोडून पाहिला, जमलं नाही. तो माझ्या दप्तरात, कंपासपेटीच्या खाली आहे. निळा आहे. मला तो फेकवत नाही. तुम्ही काढून घ्या. रागवा, मारा, पण काढून घ्या. आईला एवढ्यात सांगू नका. तोंडानं सांगायची हिंमत होत नाही म्हणून लिहिते. तुम्ही याच कामात आहात, तुम्हाला समजेल. तुमची नंदू.'

त्याच्याखाली त्यानंच टंकलेली ओळ होती, 'पत्र वाचले.' आणि त्याच्याखाली त्याची सही.

प्रेमानंदचे कान तापले. त्यानं आधी दाराकडे पाहिलं, कोणी पाहत तर नाही ना म्हणून. मुलीची काळजी नंतर आली, आधी आली ती लाज, आणि काळजीच्या आधी लाज आली याचीही त्याला लगेच लाज वाटली. सहा तारीख. आज पंचवीस. एकोणीस दिवस.

ती सकाळ त्याला लख्ख आठवली. स्कूटर फाटकाबाहेर काढली होती, हेल्मेट डोक्यात होतं, नंदू कागद घेऊन मागोमाग आली होती. त्यानं स्कूटरच्या सीटवरच कागद ठेवून खिशातून पेन काढलं. ती म्हणाली, "बाबा, वाचा ना." तो म्हणाला, "वाचलं वं, वाचलं. हे तं मीच बनवलं आहे." ती म्हणाली, "नाही, तरी पण." तोवर सही होऊन गेली होती. ती कागद दोन्ही हातांनी छातीशी धरून फाटकात उभी राहिली होती, आणि त्याला वाटलं, पोरगी बापाच्या हुद्द्यावर खूश आहे. हात हलवून तो निघून गेला.

त्याचे वडील, नत्थूजी, अर्धं आयुष्य अंगठा उठवत राहिले. पन्नाशीत सही शिकले. शिकल्यावर तर ते जास्तच सावध झाले. विजेचं बिल असो की लग्नपत्रिका, आधी दोनदा वाचून घ्यायचे आणि मगच पेनाला हात लावायचे. त्यांच्या पोटी आपण असे निघालो, असं प्रेमानंदला वाटलं.

एवढ्यात प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून समुपदेशक चिन्मयी मॅडम आल्या. वय असेल तिशीचं, बोलणं हळू, आणि पोरं त्यांच्यापुढे का कोण जाणे भडाभडा बोलायची. "गजभिये, प्रदर्शनासाठी चारदोन चांगली पत्रं निघाली का? आणि ऐका, एखाद्या मुलानं स्वतःबद्दल काही लिहिलं असेल तर ते आधी माझ्याकडे द्या. अशी पत्रं पडून राहिली की मूल समजतं, आपलं कोणी ऐकलं नाही. मग ते दुसऱ्यांदा सांगत नाही."

"नाही ना मॅडम," प्रेमानंद म्हणाला, "सगळे नमुन्यासारखेच आहेत." बोलताना त्याचा हात पत्रावर पालथा होता. मॅडम गेल्यावर त्यानं पत्राची घडी करून खिशात घातली, उरलेला गठ्ठा मोजून संपवला आणि तक्त्यात एकशे सत्त्याऐंशीच्या जागी एकशे शहाऐंशी लिहिलं. जाणूनबुजून खोटा आकडा लिहायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

घरी जाताना लकडगंजच्या चौकात सिग्नल सुटला तरी तो उभाच राहिला, मागून लोकांनी हॉर्नचा गजर केला. डोक्यात बचाव चालला होता. 'नंदू, मी पत्र तेव्हाच वाचलं होतं. योग्य वेळ पाहत होतो.' वाक्य बरं वाटत होतं. कार्यवाही सुरू आहे, असं तो बाहेरून आलेल्या माणसाला सांगायचा तसंच ते होतं. खोटं आहे हे त्याला कळत होतं, पण खरं त्याच्यापेक्षा वाईट होतं. कठोर बाप चालला असता. न वाचणारा बाप त्याला चालेना.

वच्छला विहारात महिला मंडळाच्या बैठकीला गेली होती. नंदू जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसली होती. दप्तर खुर्चीला लटकत होतं. प्रेमानंदनं बूटही काढले नाहीत. तो समोर बसला आणि म्हणाला, "नंदू, ते पत्र..."

तिनं पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. एवढा मोकळा चेहरा त्यानं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"मले वाटलंच होतं, तुम्ही एक ना एक दिवस बोलाल," ती म्हणाली. "एकोणीस दिवस झाले, बाबा. एकदाबी नाही घेतला."

ती बोलतच सुटली.

"पहिल्या दिवशी मी शाळेतून आली तं दप्तर तसंच. मले वाटलं, मी झोपल्यावर काढाल. सकाळी पाह्यलं तं तिथंच. लय राग आला तुमचा. मंग बसली विचार करत. वाचून, सही करून बाबा काहून चूप आहेत? आईलेबी सांगून नाही राहिले. तेव्हा समजलं मले. तुम्ही मुद्दाम ठेवला तिथं. काढून घेतला असता तं मी दुसरा आणला असता, हे तुम्हाले माहीत होतं. तुमचं कामच आहे ना ते."

"नंदू..."

"आणि त्या दिवशी टीव्हीवर बातमी आली, तुम्ही म्हणाले का असल्या पोरायच्या मायबापाचं लक्ष नसते. मी आतल्या आत हसली. आई बसली होती ना जवळ, तिले शक येऊ नये म्हणून तुम्ही बोलून राहिले." तिनं दप्तराकडे मान केली. "रोज दप्तर उघडलं का ते निळं दिसते. हात थरथरते अजूनबी. मंग मी म्हणते, बाबाले सगळं माहीत आहे आणि तरी बाबा चूप आहेत. म्हणजे भरवसा आहे त्यायचा."

एवढ्यावर सगळं निभावलं असतं. मान डोलावली की झालं. आणि प्रेमानंदनं मान डोलावली, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगली दोनदा डोलावली. नंदूनं टेबलावरून हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "थँक यू, बाबा."

ते त्याला सोसलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्या त्यानं गिळल्या असत्या, पण हे आभार घशाखाली उतरेनात. त्यानं हात काढून घेतला.

"मी वाचलं नव्हतं, बेटा."

"काय?"

"पत्र. सही केली, वाचलं नाही. आज वाचलं. ऑफिसात गठ्ठे मोजून राहिलो होतो, त्यात निघालं."

"पण तुम्ही म्हटलं होतं ना, वाचलं म्हणून."

"म्हटलं होतं."

"मी म्हटलं होतं तुम्हाले, वाचा म्हणून."

"हो."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग तिनं विचारलं, आणि तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, पण तिला खरंच कळत नव्हतं. "मंग मी एवढे दिवस कोणाच्या भरवशावर काढले, बाबा?"

तुझ्याच, असं त्याच्या ओठांवर आलं. ते खरंही होतं. पण असलीच वाक्यं तो पोस्टरांसाठी टंकत आला होता, आणि पोरीला समोर बसवून तिच्यावर पोस्टर मारायचं तोंड त्याला राहिलं नव्हतं. त्यानं नुसता हात पुढे केला. "दे तो. मी घेतो आता."

"आता?" नंदू म्हणाली. तिनं दप्तर खुर्चीवरून काढलं आणि मांडीवर घेतलं.

"आमच्या ऑफिसात चिन्मयी मॅडम आहेत. चांगल्या आहेत. उद्या तुले घेऊन जातो."

"जाईन मी," ती वह्या गोळा करत म्हणाली. "त्यायलेच देईन हा. आईले आज सांगते, आई येईल संगं. तुम्ही नका येऊ."

"मी तिथंच तं बसतो वं."

"बसा ना. आत नका येऊ." आणि दप्तर घेऊन ती आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं.

वच्छला आली, तिला नंदूनं आतच सगळं सांगितलं. अर्ध्या तासानं ती बाहेर आली ती डोळे पुसून. प्रेमानंदचं ताट वाढून तिनं पुढे ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "माह्या नवऱ्याले लिहिता-वाचता येते, असं मी साऱ्या वस्तीले सांगत फिरते." त्याला जेवण गेलं नाही. पण ताट तसंच सोडून उठायचाही धीर झाला नाही, म्हणून तो खात राहिला.

सकाळी ऑफिस उघडताच तो चिन्मयी मॅडमच्या टेबलापुढे उभा राहिला आणि खिशातलं पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "काल मी खोटं बोललो मॅडम. हे निघालं होतं. मुलगी माझी आहे. खालची सही पण माझीच. आज ती आईला घेऊन तुमच्याकडे येते आहे." मॅडमनी पत्र सावकाश वाचलं. मग सहीखालची तारीख पाहिली आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्या काही बोलतील म्हणून तो वाट पाहत होता. त्या बोलल्या असत्या तर त्याला थोडं हलकं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता येताहेत?"

"अकराला."

तक्त्यातला एकशे शहाऐंशीचा आकडा खोडून त्यानं एकशे सत्त्याऐंशी लिहिला.

अकराला दोघी आल्या. रुपराव त्यांना ओळखत होता; तो चहा सांगायला पळू लागला तर वच्छलेनं हातानंच नको म्हटलं. नंदू प्रेमानंदच्या टेबलाजवळून गेली. इतर कोणत्याही टेबलाजवळून जावी तशी गेली. पार्टिशनआडचं दार लोटलं गेलं.

ते पार्टिशन म्हणजे नावालाच होतं. प्रेमानंदची खुर्ची त्याला चिकटूनच होती. सहा वर्षांत पलीकडून कितीतरी पोरं बोलली असतील, रडली असतील. ती सगळी त्याच्या कानांवरून गेली होती आणि त्याची बोटं की-बोर्डवर चालतच राहिली होती. आज त्यानं मशीन सुरूच केलं नव्हतं. मॅडमनी हळू आवाजात काही तरी विचारलं. मग नंदूचा आवाज आला, "जुलैमध्ये आमच्या शिकवणीत..."

प्रेमानंदचं सगळं अंग कानात गोळा झालं. एकेक शब्द ऐकावा, एकही सुटू नये, असं त्याला वाटलं. आणि त्याच वेळी त्याला तिचं कालचं बोलणं आठवलं, आत नका येऊ. पार्टिशनला कान लावून बसणं म्हणजे आत जाणंच होतं. तो खुर्चीचा आवाज होऊ न देता उठला आणि बाहेर निघाला.

जिन्याखाली रुपराव उभा होता. साहेबांना पाहून त्यानं गाल आत ओढले. "काहून गा साहेब, बाहेर काहून? पोरगी तं आत आहे तुमची."

"तिनं नको म्हटलं," प्रेमानंद म्हणाला.

रुपरावला काय समजलं कोण जाणे. तो बाजूला सरकला आणि साहेबांसाठी सावलीत जागा केली. पण प्रेमानंद तिथं थांबला नाही. तो गाड्यांच्या स्टँडपर्यंत गेला, जिथं आतलं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि उन्हात उभा राहिला. आत ती सगळं पहिल्यापासून सांगत असणार, आणि समोरचं माणूस कान देऊन ऐकत असणार. ते सगळं तिनं सगळ्यात आधी त्यालाच सांगितलं होतं.